डोंबिवलीत मरीन टँक: सेटअप पॅकेजचा रिव्ह्यू, काचेला पाच स्टार, पाण्याला दोन

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. कल्याण साइडचं छोटं दुकान आहे, एक मालक आणि एक पोऱ्या एवढ्यावर सगळं चालतं, आणि खाली चांगलं पण लिहिलंय आणि वाईट पण, त्यामुळे हे वाचून कुणी तिथे जाऊन त्या माणसाशी भांडावं असं मला नकोय. पण असं "मरीन सेटअप पॅकेज" आता बरीच दुकानं देतात, घेणाऱ्याला उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हे आधी सांगायचं कारण पुढे कळेल. लहानपणी चर्नी रोडला तारापोरवालात नेलं होतं, तेव्हापासून डोक्यात होतं की घरी खाऱ्या पाण्याचा टँक करायचा. गोड्या पाण्याचे गप्पी-मॉली वगैरे दहा वर्षं करून झालेत. शेवटी या वर्षी बोनस आला आणि म्हटलं आता नाही तर कधीच नाही.

आधी कुर्ल्याच्या मार्केटला चक्कर मारली. तिथे एकाने सांगितलं मॅडम आज टँक न्या, ही बाटली ओता, उद्या निमो सोडा, काही होत नाही. दुसऱ्याने हळूच आतल्या खोलीतून ओरिजिनल लाइव्ह रॉक दाखवला, म्हणजे चक्क आपल्याकडच्या किनाऱ्यावरून तोडलेले कोरलचे (प्रवाळाचे) तुकडे. बाई गं. कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, समुद्रघोडे पण, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. असला दगड घरात ठेवायचा नाही आणि घेतो म्हणायचं पण नाही, निघाले तिथून.

कल्याणचा माणूस मला आवडला तो एका गोष्टीमुळे. मी विचारलं मासे कधी सोडायचे, तर म्हणाला "सहा आठवडे तरी मी मासा विकत नाही, कुठून बाहेरून आणलात तर माझी गॅरंटी संपली." बस, तिथेच अ‍ॅडव्हान्स दिला. फक्त हे उत्तर त्याने माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. प्रश्न मी विचारतेय, पैसे मी देतेय, आणि उत्तर "साहेब, असं असतं बघा" म्हणून नवऱ्याला, आणि नवरा बिचारा मोबाईलमध्ये क्रिकेटचा स्कोर बघतोय. हे पहिल्या तीन भेटींत प्रत्येक वेळी झालं. अर्धा स्टार यातच गेला.

पॅकेज असं होतं: अडीच फुटी टँक (लांबी अडीच, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट), खाली कॅबिनेटमध्ये संप (पाणी गाळायचा दुसरा टँक), रिटर्न पंप (पाणी परत वर पाठवणारा), प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारा), एक वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा), लाइट, हीटर, पंधरा किलो ड्राय रॉक (कोरडा, निर्जीव दगड), अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू, पहिलं पाणी त्यांचंच "रेडी सॉल्ट वॉटर", एक बॅक्टेरियाची बाटली, आणि महिनाभर दर आठवड्याला एक व्हिजिट. ६८ हजार. घासाघीस करून ६५ ला दिलं आणि वरून नेट झाकण फ्री.

काचकामाला पूर्ण मार्क. १० एमएमची काच, सिलिकॉनची लाइन एकसारखी, कुठे बुडबुडा नाही, दुकानातच दोन दिवस पाणी भरून ठेवला होता आणि मला बोलावून खाली पसरलेला पेपर दाखवला, कोरडा. घरी आल्यावर भिंतीलगत बीमच्या बाजूला कॅबिनेट लावलं (भरलेला टँक, रॉक, वाळू, संप सगळं मिळून अडीचशे किलोच्या वर जातं, फ्लॅटच्या मधोमध ठेवायची हौस करू नका), पाणसळ लावून चारही बाजूंनी लेव्हल बघितली, एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर कमी होती तर तेवढ्यासाठी कॅबिनेट परत उचललं. वायरी सॉकेटच्या खाली वळसा घालून वर नेल्या, म्हणजे ओघळ आला तरी पाणी वळशाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

आणि सगळ्यात भारी म्हणजे सगळं सुरू झाल्यावर त्याने मुद्दाम प्लग उपटला. लाइट गेली की वरच्या टँकचं पाणी पाइपमधून संपमध्ये उतरतं, किती उतरतं ते आधी बघितलं नाही तर एक दिवस पहाटे हॉल समुद्र होतो. आमच्या संपमध्ये काठाच्या दोन इंच खाली येऊन थांबलं. चालू असताना पाणी जिथे होतं तिथे त्याने मार्करने रेघ मारली आणि म्हणाला चालू असताना पाणी या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही. डोंबिवलीत लाइट जाते हे त्याला सांगावं लागलं नाही.

रॉक आधी काचेवर बसवला, वाळू नंतर. उलटं केलं तर वाळू उकरणारे मासे खालून खणतात आणि ढिगारा काचेवर येतो. हे पण त्यानेच सांगितलं. माहिती आहे माणसाला, काम येतं, त्यात वादच नाही.

आता पाणी.

पाणी तीस लिटरच्या जारमधून आलं. भरताना त्याने तो प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर बुडवला, ज्यात काटा वर-खाली होतो, आणि म्हणाला १.०२५ (ही पाण्याची घनता, तिच्यावरून खारटपणा कळतो), एकदम परफेक्ट. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी माझा ऑनलाइन मागवलेला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून खारटपणा मोजणारा) आला, सोबत ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन सोल्युशन, म्हणजे उपकरण तपासायचं पाणी, पण घेतलं होतं. लावून बघते तर १.०२२ आणि १.०२३ च्या मधे. म्हणजे ३० पीपीटी. पाहिजे ३५, म्हणजे १.०२६. तीनदा बघितलं, सोल्युशन परत लावून बघितलं, बरोबर ३५ दाखवतंय, म्हणजे उपकरण बरोबर आणि पाणीच कमी खारं.

फोन केला तर म्हणे "ताई, तुमचं मशीन चायनाचं असेल." अहो मशीन कुठलंही असू दे, ३५ चं सोल्युशन ३५ दाखवतंय ना? आम्ही लॅबमध्ये रोज सकाळी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावल्याशिवाय एकाही पेशंटचा रिपोर्ट सोडत नाही, तुमच्या हायड्रोमीटरला शेवटचा कंट्रोल कधी लावला होता? नंतर कळलं गडबड काय होते ती. त्या काट्याला बारीक हवेचे बुडबुडे चिकटतात, बुडबुड्यांनी काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. जार हलवून ओतलेलं ताजं पाणी, बुडबुड्यांनी भरलेलं, त्यातच तो लगेच बुडवत होता. टकटक करून बुडबुडे झटकायचे असतात, पण घाईत कोण करतं. टँकमध्ये मासे नव्हते म्हणून नुकसान काही झालं नाही, पाण्यात सहाशे-साडेसहाशे ग्रॅम मीठ कमी होतं, ते मी हळूहळू वाढवलं, रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागी साधं पाणी न टाकता खारं टाकून. (नॉर्मली उलटं असतं हां. पाणी उडतं, मीठ नाही उडत, म्हणून रोजचं टॉप-अप कायम साध्या आरओ-डीआय पाण्याने, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार पण रेझिनने काढलेल्या पाण्याने.)

आणि ते पाणी आरओचं आहे म्हणतात ना, त्यावर पण मला डाउट आला, म्हणून पुढच्या रविवारी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पर्समध्ये टाकून दुकानात गेले. मीठ टाकायच्या आधीचं पाणी ३८. डीआय नंतर शून्य यायला हवं. पोऱ्याला विचारलं रेझिन कधी बदललं, त्याला रेझिन काय तेच माहीत नव्हतं. ३८ ऐकायला कमी वाटतं, पिण्याच्या पाण्यात तर ते उत्तमच, पण त्यात सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट काय काय आहे कुणाला माहीत, आणि टँकमध्ये टॉप-अप होत होत ते साठतच जातं. घरच्या प्यायच्या आरओचं पाणी पण म्हणूनच नको, त्यात तर चव येण्यासाठी मुद्दाम टीडीएस वाढवलेला असतो. मी शेवटी बाल्कनीत चार स्टेजचं युनिट लावलं. एका लिटरमागे तीन लिटर वेस्ट जातं, ते लादी पुसायला आणि टॉयलेटला.

शेजारचे काका रोज विचारतात, खाडी एवढी जवळ आहे मीठ विकत कशाला आणतेस? काका, ती खाडी बघितलीत का तुम्ही. आणि जुहू-अलिबागवरून आणलं तरी पावसाळ्यात नद्यांच्या तोंडाशी खारटपणा पार पडतो, शिवाय त्यात डिझेल किती नि सांडपाणी किती हे कोण मोजणार. मी रेड सीची निळी बादली आणली. काळी कोरल प्रोवाली पण मिळते, पण त्यात अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) १२ डीकेएचच्या आसपास असते, ती कोरल भराभर वाढवणाऱ्यांसाठी. मला दोन मासे आणि गोगलगायी ठेवायच्यात, निळीत ८ च्या आसपास मिळतं, पुरे. लिटरला साधारण ३७-३८ ग्रॅम पडतं, पाणी आधी आणि मीठ त्यात, उलटं नाही, उलटं केलं तर कॅल्शियम खाली पांढरं बसतं.

आता मेन गोष्ट, सायकलिंग. (सासूबाईंना वाटलं मी जिमची सायकल घेतलीय, दोन दिवस खूश होत्या.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मासा अमोनिया सोडतो, अमोनिया विष, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट पाणी बदलून काढता येतं. हे बॅक्टेरिया रॉकवर वाळूवर बसेपर्यंत मासा सोडायचा नाही, एवढंच सगळं आहे. वेळ का लागतो तर ते अतिशय संथ वाढतात. लॅबमध्ये आमचं ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतं, संध्याकाळी प्लेट लावली की सकाळी कॉलनी तयार. याला दुप्पट व्हायला अर्धा दिवस, एक दिवस. त्यामुळे "उद्या निमो" म्हणणाऱ्याला काय म्हणावं.

पॅकेजमधल्या बाटलीत हेच जिवंत बॅक्टेरिया असायला हवेत. त्याने पहिल्या दिवशी अख्खी ओतली. अमोनियासाठी तो म्हणाला एक कच्ची कोळंबी टाकून ठेवा, सडली की झालं. ते मला पटलं नाही, एक तर वास, दुसरं म्हणजे किती अमोनिया निघतोय त्याचा पत्ता नाही. मी अमोनियम क्लोराइड वापरलं, म्हणजे आपला नवसागर हो, कल्हईवाला भांड्याला लावायचा तोच. पण बाजारातला नको, शुद्ध कितीसा असेल देव जाणे, लॅब ग्रेडचा घेतला. माझ्याकडे निव्वळ पाणी १२० लिटर, त्यात २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया आणायला पाऊण ग्रॅम लागतो, फक्त पाऊण ग्रॅम, चमच्याने अंदाजे टाकू नका, सोनाराकडचा असतो तसा छोटा काटा घ्या.

टेस्टसाठी ड्रॉपवालं लिक्विड किट. पट्टीवाल्या टेस्टवर माझा विश्वास नाही.

दिवस १, अमोनिया २. दिवस ४, अमोनिया २. दिवस ७, २. दिवस १०, अजून २, आणि नायट्राइट शून्य. बाटली मेलेली होती, साधी गोष्ट. तो व्हिजिटला आला, नळी बघितली, म्हणाला किट खराब आहे. मी त्याच्यासमोर आरओ-डीआयचं साधं पाणी घेऊन तीच टेस्ट केली, पिवळी, शून्य. मग त्यात चिमूटभर नवसागर टाकून केली, हिरवीगार. म्हटलं दादा, किट बरोबर आहे. तेव्हा गप्प झाला, आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलायला लागला, नवऱ्याशी नाही. बाटल्या दुकानात काचेच्या शोकेसमध्ये वरच्या फळीवर ठेवलेल्या असतात, दुपारी तीनचं ऊन बरोबर तिथेच येतं, हे मी दुकानात गेले तेव्हाच बघितलं होतं. जिवंत माल आहे तो, आमच्याकडे असा रिएजंट उन्हात ठेवला असता तर नोकरी गेली असती.

पण इथून पुढे त्याने जे केलं त्याचे मार्क पण द्यायला पाहिजेत. दोन दिवसांनी स्वतः बाइकवर आला, डब्यात त्याच्या चालू सिस्टीममधलं सिरॅमिक मीडिया (ज्यावर बॅक्टेरिया बसतात ते सच्छिद्र तुकडे) घेऊन, पाण्यात बुडवलेलं, पैसे घेतले नाहीत. आणि मी विचारायच्या आधीच सांगितलं की माशांच्या टँकमधलं नाही आणलं, गोगलगायी आणि श्रिंपच्या रॅकमधलं आणलंय जिथे मासा कधी जात नाही, नाहीतर मीडियाबरोबर मरीन इचचे (माशांच्या एका परजीवी रोगाचे) सिस्ट येतात. हे डोकं चालणं याला म्हणतात. कुठलीही बाटली विकून हे येत नाही.

मीडिया टाकला १२ व्या दिवशी. १९ व्या दिवशी अमोनिया शून्य, आणि नायट्राइटची नळी जांभळी. मी आनंदाने परत २ पीपीएम डोस दिला. दोन दिवसांत खाल्ला. परत दिला. परत खाल्ला. इथे माझी चूक, हावरटपणा केला. नायट्राइट चार्टच्या बाहेर गेलं आणि तिथेच अडकलं, एक आठवडा, दोन आठवडे, रोज सकाळी तोच जांभळा रंग. शिवाय नायट्रेटची टेस्ट लालभडक, मला वाटलं अरे वा झालं की. नाही. त्या टेस्टमध्ये नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मग ते मोजतात, म्हणजे पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तेही त्यात धरलं जातं आणि आकडा फुगतो. मी स्वतः टेक्निशियन असून फसले, हे लिहितानाही लाज वाटतेय. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेट टेस्ट करूच नका, ड्रॉप वाया.

तो म्हणाला "ताई, आता काही टाकू नका, टँककडे बघू पण नका, मीठ आणि टॉप-अप एवढंच सांभाळा." ते त्याचं बरोबर होतं. ३९ व्या दिवशी नळी निळी, म्हणजे नायट्राइट शून्य. ४० व्या दिवशी शेवटचा २ पीपीएम डोस, चोवीस तासांनी दोन्ही शून्य. मग निम्मं पाणी बदललं, माझं स्वतःचं, टीडीएस शून्यवालं.

त्याच आठवड्यात वाळूवर तपकिरी थर आला, डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. नवीन टँकला येतोच, पण सिलिकेटवाल्या पाण्याने जास्त येतो आणि माझ्या डोळ्यांपुढे तो ३८ चा आकडा होता. पाच गोगलगायी सोडल्या, लाइट सहा तासांवर आणला, दोन-अडीच आठवड्यांत गेला बराचसा.

४९ व्या दिवशी ओसेलारिस क्लाऊनफिशची, म्हणजे निमोची जोडी. हॅचरीत वाढलेलीच घेतली, समुद्रातून पकडलेली नाही. हॅचरीची पिल्लं लहानपणापासून पेलेट खातात, टँकमध्येच जन्मलेली असतात, दरात फार फरक नाही. अ‍ॅक्लिमेशनला (माशांना नव्या पाण्याची सवय करायला) ठिबक लावलं तासभर. तो स्वतः थांबला होता, चहा पिऊन गेला.

पॅकेजमधून काय काढायला सांगाल असं कुणी विचारलं तर, आमच्याकडे हीटर. फेब्रुवारीत पण पंपांच्या उष्णतेने पाणी २६ ला होतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत लागेल, इथे नाही. त्याऐवजी क्लिपवाले दोन छोटे फॅन मागा. एप्रिलमध्ये दुपारी पाणी ३०.५ ला गेलं होतं, फॅन लावल्यावर २७.५, पण त्यामुळे रोज दोन-अडीच लिटर पाणी उडतं, म्हणजे ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं) घ्यावंच लागतं, नाहीतर दोन दिवस गावाला गेलात की परत येईपर्यंत खारटपणा चढलेला. मे महिन्यात फॅनवर भागेल का चिलर घ्यावा लागेल ते बघतेय, चिलरचा आकडा ऐकून नवऱ्याने स्कोर बघणं थांबवलं.

दुसरं, "रेडी सॉल्ट वॉटर" काढून टाकायला सांगा आणि तेवढ्या पैशात मीठाची बादली मागा. तिसरं, बाटलीवरची तारीख बघा आणि दुकानात ती कुठे ठेवलीय ते बघा, उन्हात असेल तर तिचे पैसे कमी करून त्यांच्या चालू सिस्टीमचं मीडिया मागा, पण मासे नसलेल्या रॅकमधलंच.

काच-प्लंबिंग ५, पाणी २, बाटली ०, माणूस ४ (साडेचार झाला असता, पण ते "साहेब साहेब" विसरत नाही मी). गेल्या रविवारी गेले तर काउंटरवर नवा रिफ्रॅक्टोमीटर होता, डब्यातून अजून काढायचा होता. कॅलिब्रेशन सोल्युशन आणलंय का विचारलं तर म्हणे ते पण लागतं का. माझ्या बाटलीतलं थोडं काढून दिलं.